सप्तकाबाहेरच्या स्वरमालेचे स्वरलेखन कसे करावे

हिंदुस्थानी संगीताच्या भातखंडे स्वरलेखन पद्धतीत आपण ‘सां’ असे लिहितो तेव्हा डोक्यावरचा बिंदू वाचणाऱ्याला एवढेच सांगतो की हा तोच षड्ज आहे, फक्त दुप्पट कंपनसंख्येचा. दुपटीवर स्वर पुन्हा तोच होतो, हे गृहीत धरूनच सा ते नि ही नावे, कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ बसवलेली आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांची, मापे घेऊन १९१० साली बावीस श्रुतींवरचे आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्या बावीस श्रुतीही एका सप्तकाच्या आतच मोजलेल्या आहेत. मात्र काही स्वरमाला अशा आहेत की त्यांत दुपटीचा स्वरच नसतो. त्या लिहायला बसणारे बहुतेक जण सूक्ष्म अंतरांसाठी नवनवी चिन्हे शोधू लागतात. माझ्या मते आधी बिंदूचा अर्थ ठरवावा, कारण बाकीचे सगळे लेखन त्यावर उभे राहते.

१. स्वरमाला कोठे पुन्हा सुरू होते ते ठरवा

उदाहरणासाठी बोलेन-पिअर्स ही स्वरमाला घेऊ. जर्मन अभियंते हाइन्झ बोलेन यांनी १९७२ च्या सुमारास आणि अमेरिकेचे जॉन पिअर्स यांनी १९८४ मध्ये ती स्वतंत्रपणे मांडली. यात स्वर दुपटीवर नव्हे, तर तिपटीवर पुन्हा सुरू होतो आणि त्या तिपटीचे तेरा समान भाग केलेले असतात. स्वरांतर सेंटमध्ये मोजतात: सप्तक १२०० सेंटचे असते, तर ही त्रिपट सुमारे १९०२ सेंटची असते. म्हणून प्रत्येक पायरी १४६.३ सेंटची, म्हणजे आपल्या पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या जवळजवळ दीडपट होते.

तिपटीचे हे अंतर आपल्या कानाला परके नाही. मिरजेच्या चांगल्या तंबोऱ्याची जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीवरची जुळणी) नीट लागलेली असेल, तर खर्जाच्या एकट्या तारेतून मध्य सप्तकातला पंचम स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप, उमटतो, आणि त्याची कंपनसंख्या खर्जाच्या बरोबर तिप्पट असते. त्याच तारेतला स्वयंभू गंधार पाचपटीचा असतो. बोलेन-पिअर्स स्वरमालेचा मुख्य स्वरमेळ ३ : ५ : ७ या प्रमाणाचा आहे, म्हणजे हा पंचम, हा गंधार आणि त्यापुढचा सातपटीचा स्वर मिळून तो तयार होतो. लिहिण्याआधी हा मेळ कानात पक्का बसवावा. तो बसला की पुढचे कोष्टक कोरडे वाटत नाही.

२. कोष्टक करा

आधारस्वराची कंपनसंख्या निश्चित करून तिला १.०८८१८ ने एकामागून एक तेरा वेळा गुणत जावे. आधार २०० हर्ट्झ धरला तर तिसरी पायरी २५७.७, सहावी ३३२.१, दहावी ४६५.६ आणि तेरावी ६०० हर्ट्झवर येते. दुपटीचा ४०० हर्ट्झचा स्वर मात्र आठव्या (३९३.२) आणि नवव्या (४२७.९) पायरीच्या मधल्या रिकाम्या जागेत पडतो. हे एकदा आकड्यांत पाहिले की सा-रे-ग-म ही नावे येथे का चालणार नाहीत ते लक्षात येते: गायकाने ‘सा’ वाचला की त्याचा गळा तार षड्जाकडे आपोआप ओढला जातो, आणि तो स्वर तर या मालेत नाही.

३. तेरा नावे निवडा

पायऱ्यांचे आकडेच का लिहू नयेत, असे वाटणे साहजिक आहे. परंतु आपल्या स्वरलेखनात ० म्हणजे खाली आणि २, ३ म्हणजे टाळी. स्वरांच्या ओळीतही आकडे आले, तर ताल आणि स्वर यांची सरमिसळ होते. म्हणून आकडे कोष्टकात ठेवावेत आणि गाण्यासाठी सप्तकातल्या नावांशी न जुळणारी अक्षरे घ्यावीत. मी शून्य ते बारा या पायऱ्यांना अनुक्रमे अशी नावे सुचवतो:

का की के को, चा ची चे चो, टा टी टे टो, ला

यात उकार मुद्दाम टाळला आहे, कारण तो अक्षराखाली येतो आणि खालच्या त्रिपटीचा बिंदूही तेथेच द्यायचा असतो. हाताने भरभर लिहिताना दोन्ही एकमेकांत मिसळतात. तेराही पायऱ्यांना स्वतंत्र नाव मिळाल्यामुळे कोमल-तीव्राच्या रेघा लागतच नाहीत. पाश्चात्य पद्धतीतही याच विचाराने सहा ओळींचा स्टाफ (स्वर मांडायच्या आडव्या रेघांची चौकट) आणि एन ते झेड ही तेरा अक्षरे वापरणारे लेखन तयार झाले आहे. वर सांगितलेला ३ : ५ : ७ हा मेळ आता ‘का चे टे’ असा लिहिता येतो.

४. बिंदूला नवा अर्थ द्या

वरचा बिंदू म्हणजे तिप्पट, खालचा बिंदू म्हणजे एक तृतीयांश. ‘कां’ ही तेरावी पायरी होय. हा बदल पानाच्या माथ्यावर शब्दांत लिहिलाच पाहिजे, कारण जुन्या सवयीचा वाचक बिंदू दिसताच दुप्पट समजतो. एका त्रिपटीत दीड सप्तकाहून अधिक अंतर मावते; त्यामुळे बहुतेक बंदिशींना एक बिंदू पुरतो.

५. ताल आहे तसाच ठेवा

विभागाच्या उभ्या रेघा, सम, खाली, एका मात्रेतल्या स्वरांखालचा कंस, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि कण (मुख्य स्वराला ओझरता लागणारा स्वर) यांच्या चिन्हांना हात लावण्याचे कारण नाही. केरव्यातल्या दोन आवर्तनांचे लेखन असे दिसेल:

× का – को चे | ० टे – चे को |
× चे – टे ला | ० कां – – – |

येथे ‘को’ हा शुद्ध गंधार आणि मध्यम यांच्या मधोमध येतो, ‘चे’ शुद्ध धैवताच्या किंचित खाली आणि ‘टे’ तार सप्तकातल्या शुद्ध रिषभ व कोमल गंधार यांच्या मध्ये. ही तुलना कोष्टकाशेजारी टीप म्हणून द्यावी, मात्र बंदिशीच्या ओळीत आणू नये. नाहीतर गाणारा ओळखीच्या स्वराकडे सरकतो आणि मेळ बिघडतो.

६. वाद्यावर पडताळा

लिहिलेले बरोबर आहे की नाही हे वाद्यच सांगते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे ते सरकवता येतात. पेटीवर ही सोय नाही. खुल्या तारेची लांबी ९० सेंटिमीटर असेल, तर घोडीपासून पहिला पडदा ८२.७, तिसरा ६९.८, सहावा ५४.२, दहावा ३८.७ आणि तेरावा ३० सेंटिमीटरवर येतो. दाबल्यावर तार ताणली जाऊन स्वर थोडा चढतो, म्हणून मापाने पडदा जागेवर आणून शेवटी कानाने, ट्यूनर जवळ ठेवून, तो बसवावा. तरफेच्या, म्हणजे न छेडता गुंजणाऱ्या, तारा सप्तकात लावलेल्या तशाच राहिल्या, तर त्या सतत दुसऱ्याच चौकटीची आठवण देत राहतात. त्या ‘का’, ‘चे’, ‘टे’ यांना मिळवून घ्याव्यात. क्लॅरिनेट उपलब्ध असेल तर उत्तम, कारण त्याच्या खालच्या स्वरांत विषम पटीचे स्वयंभू स्वर प्रबळ असतात आणि जोराची फुंक त्याचा स्वर तिपटीवर उडवते. या स्वरमालेसाठी खास क्लॅरिनेटही बनवले गेले आहेत.

दुसऱ्या स्वरमालांसाठी

अमेरिकन संगीतकार वेंडी कार्लोस यांच्या ‘अल्फा’ स्वरमालेत पायरी सुमारे ७८ सेंटची असते आणि नऊ पायऱ्यांत षड्ज-पंचमाचे अंतर भरते. तेथे पंचमावर पुनरावृत्ती धरली, तर नऊ नावे पुरतात, पण बिंदूंची गर्दी होते. अशा वेळी बिंदू सोडून अक्षराच्या आधी लहान अक्षरात पुनरावृत्तीचा क्रमांक लिहिणे मला अधिक वाचनीय वाटते. कोणतीही स्वरमाला असो, पानाच्या माथ्यावर आधारस्वराची कंपनसंख्या, पुनरावृत्तीचे प्रमाण, पायऱ्यांची संख्या आणि बिंदूचा किंवा क्रमांकाचा अर्थ या चार गोष्टी असाव्यात, आणि ते पान ही चाल कधीही न ऐकलेल्या वादकाच्या हाती देऊन वाजवून घ्यावे. तो जेथे अडखळेल त्या जागेचे चिन्ह बदलावे.