निवेदनावर निवेदन देत बसू नका: भेदभावाविरुद्ध मॅटमध्ये (राज्य कर्मचाऱ्यांच्या न्यायाधिकरणात) जायचंय त्यांच्यासाठी

मी सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत बरीच वर्षं काढली, म्हणजे लोकांचे तक्रार अर्ज ज्या टेबलावर येऊन पडतात त्याच टेबलामागे बसायचो. तिथून एक गोष्ट कळली. भेदभाव झाला म्हणणारी माणसं बहुतेक वेळा खरंच बोलत असतात, पण हरतात ती तारखांवर.

आमच्याकडे एक लिपिक होता, लहानपणीच्या पोलिओमुळे एका पायात अधू. प्रमोशनच्या यादीत त्याच्याखालचे दोघं वर गेले, हा राहिला. का, तर नस्तीवर, म्हणजे फाईलवर, टिपणी होती की फिरतीचं काम यांना झेपणार नाही. बास, एवढंच. आता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 सरळ सांगतं की फक्त दिव्यांग आहे म्हणून प्रमोशन नाकारता येत नाही, म्हणजे केस एकदम पक्की. पण गड्याने काय केलं, तीन वर्षांत पाच निवेदनं दिली, प्रत्येक वेळी साहेब "बघतो" म्हणायचे आणि हा परत वाट बघत बसायचा.

तर पहिली गोष्ट, हे वर्षाचं गणित डोक्यात बसवा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे वाद मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे बसतं ते. 1985 च्या कायद्यानुसार अंतिम आदेश मिळाल्यापासून एक वर्षात तिथे अर्ज करायचा. अपील किंवा निवेदन दिलंय आणि उत्तरच आलं नाही तर सहा महिने थांबायचं आणि ते संपल्यावर पुढचं एक वर्ष. म्हणजे 10 मार्च 2025 ला निवेदन दिलं, उत्तर नाही, तर सहा महिने 10 सप्टेंबर 2025 ला संपले आणि 10 सप्टेंबर 2026 च्या आत तुम्ही मॅटमध्ये पाहिजे. दुसरं, तिसरं, चौथं निवेदन दिल्याने ही मुदत नव्याने सुरू होत नाही, सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच हे स्पष्ट केलंय. उशीर माफीचा अर्ज करता येतो, पण मग मूळ अन्याय राहतो बाजूला आणि वाद सुरू होतो की तुम्ही इतके दिवस काय करत होतात. आमच्या लिपिकाचं हेच झालं.

आणि एक, जिल्हा परिषदेत असाल तर मॅट तुमच्यासाठी नाही, तुमचा रस्ता वेगळा, आधी जिल्हा सेवा नियमांत अपील कोणाकडे आहे ते बघा. केंद्राचे असाल तर कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण.

आता ते पहिलं (आणि शक्यतो शेवटचं) निवेदन कसं लिहायचं. "माझ्यावर अन्याय झाला, मला डावललं, मानसिक त्रास झाला" अशी तीन पानं मी शेकड्याने वाचलीत, त्यावर खालचा कारकून "अर्ज दप्तरी दाखल" एवढंच लिहितो, म्हणजे पुढे काहीच होत नाही. त्यापेक्षा एक तक्ता टाका. तुम्ही आणि ज्यांना दिलं ते, पद तेच, नेमणुकीची तारीख, ज्येष्ठता यादीतला नंबर, पात्रता परीक्षा कधी पास, चौकशी आहे की नाही. सगळं सारखं किंवा तुमचं सरस, आणि तरी निकाल उलटा, हे दिसलं की भेदभाव हा शब्द वापरायची गरजसुद्धा कमीच पडते. खाली नेमकं काय पाहिजे ते लिहा, अमुक तारखेचा मानीव दिनांक द्या (म्हणजे त्या तारखेलाच प्रमोशन झालं असं धरा) वगैरे. अर्ज योग्य मार्गे, म्हणजे आपल्या वरिष्ठांमार्फत द्या आणि पोच घ्या, आवक नंबर आणि तारखेसकट शिक्का. शिपायाच्या हातात कागद देऊन निघून येणारे लोक बघितलेत मी, नंतर कागद सापडत नाही म्हटलं की संपलं.

शिस्तभंगाच्या शिक्षेतच भेदभाव झाला असेल, म्हणजे चूक दोघांची आणि शिक्षा तुम्हालाच, तर 1979 च्या शिस्त व अपील नियमांत अपिलाला 45 दिवस आहेत, ते आधी करा. हा टप्पा गाळून थेट मॅटमध्ये गेलात तर पहिला आक्षेप तोच येतो.

नस्तीवर काय लिहिलंय हे माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवस, नाही मिळालं तर पहिलं अपील वीस रुपयांत. पदोन्नती समितीचं इतिवृत्त आणि आपल्या प्रकरणावरच्या टिपण्या मागा. दुसऱ्यांचे गोपनीय अहवाल मात्र वैयक्तिक माहिती म्हणून सहसा देत नाहीत, त्यावर भांडत वेळ घालवू नका, मॅट ते रेकॉर्ड मागवू शकतं.

दिव्यांग कर्मचाऱ्यांना आणखी एक दार आहे, कार्यालयाचा तक्रार निवारण अधिकारी. त्याने तक्रार रजिस्टरला घेऊन दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान नाही झालं तर जिल्हास्तरीय समिती, आणि वर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. जरूर जा, पण तिकडे गेलात म्हणून मॅटची मुदत थांबली असं समजू नका. लैंगिक छळाची तक्रार असेल तर ते प्रकरण वेगळं, अंतर्गत समितीच्या शिफारशीविरुद्ध अपिलाला 90 दिवस आहेत.

मॅटमध्ये स्वतः उभं राहता येतं, वकील सक्तीचा नाही. पण खरं सांगू, ज्येष्ठता आणि प्रमोशनच्या केसेसमध्ये सेवाविषयक कामं करणारा वकील घ्याच, कारण तिथे एक गोष्ट हमखास राहून जाते. तुमच्या बाजूने निकाल लागला तर ज्यांचा नंबर खाली जाणार आहे त्या सहकाऱ्यांनाही प्रतिवादी करावं लागतं. जिवावर येतं हो, रोज एकत्र डबा खाल्लेला असतो. पण त्यांचं म्हणणं न ऐकता त्यांच्याविरुद्ध आदेश होत नाही आणि अर्ज तेवढ्यावरच पडू शकतो. मी तर सांगेन, नोटीस जायच्या आधी त्यांना स्वतः जाऊन सांगा की तुझ्यावर राग नाही, कागदावर नाव घ्यावं लागतंय.

मॅटचा निकाल विरुद्ध गेला तर हायकोर्टात रिट, सुप्रीम कोर्टाच्या 1997 च्या निकालानंतर ते हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढेच जातं, थेट दिल्लीला सुप्रीम कोर्टात नाही. निकालाची प्रमाणित प्रत मात्र त्याच आठवड्यात मागून ठेवा.