मळ्याची वाट साफ करायला निघण्याआधी

दसरा झाला की आमच्याकडे दोन कामं एकदम अंगावर येतात, कापसाची वेचणी आणि मळ्याची वाट. वेचलेला कापूस न्यायला गाडी आत यावी लागते, म्हणून वाट आधी. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत आमची वाट साधारण 400 मीटर. पावसाळाभर दोन्ही बाजूंनी गवत आत सरकत येतं आणि दिवाळीला पोरं घरी येईपर्यंत बैलगाडीपुरतीसुद्धा जागा उरत नाही. मागच्या वर्षी वडिलांना रात्रीतून दवाखान्यात न्यायचं होतं. वाटेखालून पाणी जायच्या मोरीची कड गवतात दिसेना, गाडी रस्त्यावरच थांबली आणि आम्ही चौघांनी त्यांना बाजेवर उचलून तिथवर नेलं. ती रात्र डोक्यातून जात नाही.

कोयत्याला हात लावण्याआधी काठी घ्या, आणि सोबत जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या. काठी आपटत सगळी वाट एकदा सावकाश चालायची. गवताखाली कुंपणाची तुटकी तार असते, विजेच्या खांबाला ताण देणारी तार असते, मोटारीची केबल असते, आणि आपल्या जळगावच्या शिवारात ठिबकची नळी तर हमखास. दोन वर्षांपूर्वी मी हा फेरा टाळला. ब्रश कटरच्या, म्हणजे गवत कापायच्या यंत्राच्या, पात्याला ठिबकची नळी गुंडाळली गेली आणि मी यंत्र बंद करेपर्यंत केळीच्या एका ओळीची नळी पाणी आणणाऱ्या मोठ्या पाइपापासून उपटून आली होती. धुळीने माखलेली काळी नळी वाळक्या वेलासारखीच दिसते हो. आता नळी किंवा तार सापडली की चिंधी बांधतो आणि तिथल्या हातभर जागेत फक्त विळा चालवतो.

याच फेऱ्यात ठेवायची झाडंही ठरवून टाका. कडुनिंबाचं रोप आपोआप आलं असेल तर त्याला चिंधी बांधून राखा. साग, मोह, चिंच, आंबा, अंजन ही झाडं स्वतःच्या बांधावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. 1964 चा वृक्षतोडीचा कायदा त्यांना लागू आहे. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा.

मग कुठलं तण कशाने काढायचं ते बघा. गाजरगवत मुळासकट उपटायचं, तेही फुलण्याआधी, कारण एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. म्हणून त्याचा पहिला हात पोळ्याच्या सुमारास, जमिनीत वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी ओल, असताना मारलेला बरा. काळी जमीन वाळून भेगाळली की मूळ तुटतं आणि झाड पुन्हा फुटतं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकाला रुमाल हवाच, कारण त्याने अंगाला खाज सुटते आणि दम्याच्या माणसाला फार त्रास होतो. तरोटा आणि साधं गवत यंत्राने कापून जातं. वेडी बाभूळ मात्र जमिनीलगत तोडून उपयोग नाही, महिन्यात दहा फोक फुटतात. तिच्यासाठी कुदळ आणि टिकाव घेऊन वीतभर खाली खोड खणून काढायचं. फांद्या लगेच ओढून कुंपणाला लावा. एक काटा वाटेवर राहिला तरी मोटारसायकल पंक्चर होते. खाजकुयलीच्या शेंगा तपकिरी व्हायच्या आत वेल काढून टाका.

तणनाशकाचं मी कळकळीने सांगतो. वाटेला लागून कापूस असेल तर टू-फोर-डी फवारू नका. वाऱ्याने थोडे तुषार गेले तरी कापसाची पानं भेंडीसारखी चिरली जातात आणि पीक हातचं जातं. ते फवारलेला पंप नुसता विसळून पुन्हा कापसाला वापरला तरी तेच होतं.

ब्रश कटरच्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल किती घालायचं ते यंत्रासोबतच्या पुस्तकात बघूनच घाला, आणि इंजिन थंड झाल्यावरच टाकी भरा. डोळ्याला चष्मा, पायाला गमबूट. चालवणाऱ्यापासून 15 मीटरच्या आत कोणी नको, लहान पोरं तर अजिबात नकोत, कारण पात्याखालून खडा गोळीसारखा सुटतो.

सापांचे दिवस आहेत हे विसरू नका. घोणस गवतात वेटोळं करून पडून राहते आणि कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. तो आवाज आला की जागेवर थांबा आणि हळूहळू मागे या. कापलेल्या ढिगाखाली हात घालू नका, दाताळ्याने ओढा. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची लस आहे हे काम सुरू करायच्या आधीच विचारून ठेवा आणि 108 नंबर सगळ्यांना सांगून ठेवा. साप चावलाच तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. अंगठी-कडं काढा, चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला थेट दवाखान्यात न्या.

मजुरांशी आधीच बोलून ठेवा, वेचणी लागली की कोणी मिळत नाही. न्याहारीला कळण्याची भाकरी आणि ठेचा, सावलीत पाण्याचा माठ. कापलेलं गवत पेटवू नका, शेजारी केळीची वाळकी पानं असतात. बी न धरलेलं तेवढं खड्ड्यात घाला, शेणकाला शिंपडला की खत होतं.

आणि चुना आणून ठेवायला विसरू नका. काम उरकलं की मोरीच्या दोन्ही कडांना दोन-दोन मोठे दगड रोवून त्यांना चुना फासायचा, म्हणजे रात्री गाडीच्या उजेडात ते लांबूनच दिसतात.