तारेतली पत्रं, माळ्यावरची तिकिटं

कोकणातल्या जुन्या घरात टपाल तिकिटं अल्बममध्ये सापडत नाहीत, तारेत सापडतात. मुंबईहून आलेलं पत्र वाचून झालं की आकड्याच्या तारेत ओवायचं, ही रीत. म्हणून आधी भोक कुठून गेलंय ते बघा. तिकिटातून गेलं असेल तर विक्रीच्या दृष्टीने ते संपलं.

लगेच कात्री घेऊ नका. १९४७ पूर्वीची पाकिटं आणि ज्यांवर गावाचा गोल शिक्का तारखेसकट वाचता येतो ती अख्खीच ठेवा. सुट्या तिकिटाला कुणी विचारत नाही. पण छोट्या पोस्टाचा स्वच्छ शिक्का गोळा करणारे वेगळे आहेत. पोस्टकार्ड आणि अंतर्देशीय पत्रावरचं तिकीट छापीलच असतं, ते कापलं की दोन्ही वाया.

बाकीची सोडवायला तिकिटाभोवती सेंटिमीटरभर कागद ठेवून कापा आणि साध्या पाण्यात १५-२० मिनिटं तरंगू द्या. तिकीट आपसूक घसरलं पाहिजे. ओढलंत तर मागचा थर कागदालाच राहतो; उजेडासमोर धरल्यावर तिथे फिकट डाग दिसतो आणि भाव पडतो. लाल किंवा रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या वाटीत भिजवा, रंग सुटतो. मग चपट्या टोकाच्या चिमट्याने उचलून तोंड खाली करून टीपकागदावर ठेवा. अर्धवट सुकलं की टीपकागदातच घालून जाड पुस्तकाखाली रात्रभर. भुवया कोरायचा टोकदार चिमटा मात्र नको, तिकिटाच्या कडेचे दाते त्यानेच तुटतात.

खरा शत्रू पावसाळा. जूनपासून हवेतल्या ओलीने कोऱ्या तिकिटाचा गोंद सुटतो आणि ते पानाला चिकटतं. वापरलेल्यांवर दात्यांपासून तांबूस ठिपके चढतात. ते ठिपके जात नाहीत, शेजारी मात्र पसरतात. अल्बम चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आडवा रचू नका, उभा ठेवा. सोबत ओल शोषणारं सिलिका जेल, आणि रंग बदलला की ते बदला. सेलोटेप, फेव्हिकॉल आणि पीव्हीसीची पाकिटं कायमची वर्ज्य.

आता किंमत. जुनं म्हणजे महाग, हा सगळ्यात मोठा गैरसमज. सहाव्या जॉर्जची लहान आण्यांची वापरलेली तिकिटं ढिगाने आहेत. १९७१ चं, शरणार्थी मदतीची छाप असलेलं पाच पैशांचंही तसंच. तिकिटांच्या किमतींच्या कॅटलॉगमधला सगळ्यात कमी आकडा तिकिटाचा नसतो, ते शोधून तपासून देण्याच्या मजुरीचा असतो. विकताना तेवढे मिळणार नाहीत.

१९५७ च्या नव्या पैशांच्या, भारताचा नकाशा असलेल्या तिकिटांवर मात्र थोडा वेळ घालवा. काळ्या कागदावर पालथं ठेवून तिरपा उजेड टाका: जलचिन्हात, म्हणजे कागदातच असलेल्या पुसट खुणेत, तारे दिसले तर पहिली छपाई, अशोकस्तंभाचे सिंह दिसले तर नंतरची. दात्यांची मोजणी दोन सेंटिमीटरात किती, अशी करतात.

१९४८ चं गांधीजींचं दहा रुपयांचं कुणी स्वस्तात देऊ लागलं तर हात आखडता घ्या. त्याच्या नकला भरपूर फिरतात.