रब्बी आणि पाळक एकाच व्यासपीठावर: थँक्सगिव्हिंगच्या संयुक्त उपासनेची तयारी

अमेरिकेत ज्यू धर्मगुरू (रब्बी) आणि ख्रिस्ती धर्मगुरू (पाळक) एकत्र उपासना चालवतात ती बहुधा थँक्सगिव्हिंगच्या आधी, मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी. थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा आभार मानण्याचा दिवस, हा सरकारी सण आहे, कोणत्याही एका धर्माचा नाही. यजमान आणि पाहुणा हे नातं त्यामुळे आधीच सैल झालेलं असतं. नाताळ किंवा पेसाख (ज्यूंचा वल्हांडण सण) ‘मिळून’ साजरा करण्याचा बेत मात्र पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवा. तिथे एकाचा सण होतो आणि दुसरा नुसता शोभेला बसतो.

तारीख ठरवताना हिब्रू पंचांग उघडून बघा. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. २०१३ साली बुधवार, २७ नोव्हेंबरच्या संध्याकाळीच हनुक्काची (ज्यूंच्या दिव्यांच्या सणाची) पहिली ज्योत लावायची होती. शुक्रवारची रात्र आणि शनिवार वगळाच. तो शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी पैसे हाताळणं निषिद्ध, म्हणजे दानाची थाळी फिरवता येत नाही.

जागेचा प्रश्न आधी सोडवा. रिफॉर्म (उदारमतवादी पंथाचे) रब्बी चर्चमध्ये सहज येतात. ऑर्थोडॉक्स (कर्मठ पंथाचे) रब्बी उपासनेसाठी चर्चच्या मुख्य दालनात सहसा पाऊल ठेवत नाहीत, बरेच जण संयुक्त प्रार्थनेलाच नकार देतात. आग्रह करू नका, त्यांना सभागृहातल्या अन्नदानाच्या कामाला बोलवा. कॅथलिक फादर येणार असतील तर मिस्सा (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) ठेवायची नाही, शास्त्रवाचन आणि प्रार्थना एवढंच. चर्चमधला क्रूस कापडाने झाकण्याची सूचना कधी कधी येते. ती मान्य करू नका. झाकलेल्या क्रूसाकडे उघड्यापेक्षा जास्त लक्ष जातं.

कार्यक्रम पन्नास मिनिटांचा बांधा: स्वागत तीन मिनिटं, प्रवचन आठ, बाकी वाचन, गायन आणि प्रार्थना. प्रवचन एकाचंच, आणि ते पाहुण्याने करावं. दोघांना बोलायला दिलं की पंचवीस मिनिटं जातात आणि दुसरा पहिल्याला उत्तर देत बसतो.

सगळ्यात जास्त मेहनत मजकुरावर घ्या. मिसळ करायची नाही. दोघांच्या तोंडी आधीपासून असलेलं तेवढं निवडायचं. बायबलमधलं स्तोत्र १०० दोन्हीकडे उपकारस्तुतीचं आहे. स्तोत्र १३६ मध्ये २६ ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच पालुपद: ‘की लेओलाम हसदो’, मराठी बायबलात ‘त्याची दया सनातन आहे’. हिब्रूत तीनच शब्द, त्यामुळे पाच मिनिटांच्या सरावात चर्चची मंडळीही ते म्हणतात. मात्र १ ते ९ आणि २३ ते २६ एवढ्याच ओव्या घ्या. मधे मिसरातले (इजिप्तमधले) प्रथमजन्मलेले आणि राजे मारले जातात, सणाच्या संध्याकाळी ते जड होतं. आळीपाळीने वाचताना ओव्यांचे आकडे जुळतात का ते बघा: स्तोत्र ९२ चा मथळा हिब्रूत पहिली ओवी धरतात, त्यामुळे पुढचे आकडे एकाने सरकतात. ‘तिसरी ओवी’ म्हटलं की अर्धं सभागृह चौथी वाचू लागतं. म्हणून पुस्तकं वाटू नका, छापील पानच द्या.

‘अनुवाद’ या बायबलच्या पुस्तकातलं ८:७–१० हे वाचन दोघांना चालतं. ‘तू खाऊन तृप्त होशील’ ही दहावी ओवी ज्यू घरांत जेवणानंतरच्या प्रार्थनेचा आधार आहे. ओळख करून देताना ‘जुना करार’ न म्हणता ‘अनुवादाचं पुस्तक’ म्हणा. नव्या करारातून हटकून लूक १७ मधले दहा कुष्ठरोगी येतात: बरे झालेल्यांपैकी एकच जण, तोही शोमरोनी (ज्यू ज्यांना परके मानत त्या समाजातला), आभार मानायला परततो. वाचन चांगलं आहे, घसरतं ते प्रवचन. ‘उरलेले नऊ ज्यू कृतघ्न होते’ हे वाक्य सहज तोंडातून निघतं. प्रत्यक्षात ते नऊ येशूनेच सांगितल्याप्रमाणे याजकांकडे चाललेले असतात. पाळकाने एवढं तरी बोलावं, नाहीतर दुसरा उतारा घ्यावा.

परमेश्वराचं चार अक्षरी नाव ज्यू उच्चारत नाहीत, ‘अदोनाय’ म्हणतात. २००८ साली व्हॅटिकननेही कॅथलिक उपासनेत ‘याव्हे’ हा उच्चार नको असं कळवलं. भक्तिगीतात तो येतो का तपासा. मराठी बायबलात त्या जागी ‘परमेश्वर’ असतं, म्हणून मराठी वाचकाला ही अडचण येत नाही. गाण्यांचं शेवटचं कडवं नेहमी वाचून घ्या. थँक्सगिव्हिंगला गातात त्या एका जुन्या जर्मन स्तुतिगीताची पहिली दोन कडवी सगळे गाऊ शकतात, तिसरं पिता-पुत्राकडे वळतं. दोनवर थांबा आणि ऑर्गनवाल्याला तसं लिहून द्या, नाहीतर हात सवयीने तिसऱ्यावर जातात.

पानावर हिब्रू अक्षरांत परमेश्वराचं ते चार अक्षरी नाव छापू नका. छापलं तर उरलेली पानं कचऱ्यात टाकता येत नाहीत, सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) गनीझात, म्हणजे जुने पवित्र कागद ठेवायच्या जागेत, ठेवून पुढे पुरावी लागतात. उच्चार रोमन लिपीत द्या.

तोरा-गुंडाळी (ज्यू धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी) दाखवायला काढू नका. कद्दिशही कार्यक्रमात नको, त्या प्रार्थनेला मिन्यान, म्हणजे किमान दहा प्रौढ ज्यूंची हजेरी, लागते आणि ती शोक करणारे म्हणतात. दारात किप्पांची (छोट्या ज्यू टोप्यांची) टोपली ठेवा, पण घालायची सक्ती नको.

प्रार्थनेचा ‘येशूच्या नावाने’ हा शेवट हा वादाचा नेहमीचा मुद्दा. पाळक एकट्याने, स्वतःच्या परंपरेतून प्रार्थना करत असेल आणि तसं पानावर लिहिलं असेल तर तो म्हणू शकतो. सगळ्यांच्या वतीने ‘आपण प्रार्थना करू या’ असं म्हणून सुरुवात केली असेल तर नाही. ही रेघ तालमीत ठरवा. तालीम एकदा तरी उभ्याने, मोठ्याने करा.

शेवटी बायबलच्या ‘गणना’ पुस्तकातला ६:२४–२६ हा आशीर्वाद. हिब्रूत तीन ओळी: तीन, पाच आणि सात शब्दांच्या. रब्बीने एक ओळ म्हणावी, लगेच पाळकाने ती इंग्रजीत म्हणावी, ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे रक्षण करो’ इथपासून. प्रत्येक ओळीला आमेन. तिसऱ्या ओळीनंतर पाळकाचा हात क्रूसाची खूण करायला उठतो. हातात कागद धरायला द्या.

नंतरच्या चहाला मांसाचे पदार्थ अजिबात नकोत, म्हणजे मांस आणि दूध एकत्र न घेण्याच्या ज्यू नियमाचा प्रश्न मिटतो. कापलेली फळं नव्या सुरीने आणि कागदी बशीत द्या, बिस्किटं कोशर (ज्यू आहारनियमांत बसणाऱ्या) शिक्क्याची. पाकीट लोकांसमोर फोडा. घरून आणलेला भोपळ्याचा ‘पाय’ (pie हा गोड पदार्थ) ज्याच्या हाती दिसेल त्याला वेगळं टेबल दाखवा आणि त्यावर ‘घरगुती’ अशी चिठ्ठी ठेवा.