झिर्कोनिया पावडर करताय? धुणं उरकून टाकू नका

झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइड. त्याची पावडर को-प्रेसिपिटेशनने, म्हणजे द्रावणातून दोन्ही धातू एकत्र साका म्हणून खाली बसवून, करायची कृती कुठल्याही पेपरात मिळेल: झिर्कोनियम ऑक्सिक्लोराइड, यिट्रियम नायट्रेट, अमोनिया, मग 600 अंशांना कॅल्सिनेशन, म्हणजे पावडर भट्टीत तापवणं. ते जमतं, त्याची धास्ती घेऊ नका. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) 30.2 अंशांजवळ टेट्रॅगोनल स्फटिकरचनेचं पीक येतं, त्याच्या रुंदीवरून शेररच्या सूत्रातून 12 नॅनोमीटर आकार निघतो आणि गाइड खूश होतात.

खरा घोळ पुढे होतो. पेलेट, म्हणजे पावडर दाबून केलेली वडी, 1500 अंशांना भाजली तरी घनता वाढत नाही. माझा बराच काळ याच्यात गेला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शेररचं सूत्र क्रिस्टलाइटचा, म्हणजे एका सलग स्फटिकाचा आकार देतं, कणाचा नाही; एका कणात असे अनेक स्फटिक चिकटलेले असू शकतात. ओल्या जेलच्या कणांवर हायड्रॉक्सिल गट असतात. पाणी उडताना पृष्ठताणामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात आणि तापवल्यावर त्यांच्यात झिर्कोनियम-ऑक्सिजन-झिर्कोनियम असे पक्के बंध तयार होतात. घनता अडते ती या ढेकळांमुळे. ती खलात फुटत नाहीत, एक्सआरडीत दिसत नाहीत. बीईटी करा, म्हणजे वायू शोषून पावडरचं पृष्ठक्षेत्रफळ मोजायची चाचणी. 12 नॅनोमीटरचे सुटे कण असतील तर ग्रॅममागे 80 चौरस मीटरच्या आसपास क्षेत्रफळ यायला हवं. 20 आलं, तर हिशेबाने कण 50 नॅनोमीटरचा, म्हणजे क्रिस्टलाइट एकमेकांना चिकटलेत. हा हिशेब न करता थेट टीईएमला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला) सॅम्पल पाठवणं मला पटत नाही. तिथे चार छान कण शोधून फोटो काढता येतो, पेलेटला त्याचा काही उपयोग नाही.

उपाय साधा आहे, वेळखाऊ आहे. आधी क्लोराइड जाईपर्यंत पाण्याने धुवा. सिल्व्हर नायट्रेटची चाचणी करताना धुवणाचं पाणी आधी सौम्य नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून घ्या. अमोनिया उरलेला असेल तर सिल्व्हर क्लोराइड त्यात विरघळतं, पाणी नितळ दिसतं आणि क्लोराइड तसंच राहतं. हे पेपरात कोणी लिहीत नाही. लॅबमधल्या सीनियरला विचारा, गाइडना शेवटी. मग केक इथेनॉलमध्ये पूर्ण मोडून पुन्हा पुन्हा धुवा. वरून नुसतं इथेनॉल ओतून भागत नाही, आतलं पाणी तसंच राहतं. ओव्हन 110 वर ठेवून घाई तर अजिबात नको.

आधीची बॅच बिघडली असेल तर हताश होऊ नका. फेज (स्फटिकरचना) ओळखायला, रामन स्पेक्ट्रोस्कोपीला ती पावडर चालते. पेलेट मात्र नव्या बॅचचीच दाबा, तीही बीईटीचा आकडा हातात आल्यावर.