कुत्र्याला मिरगी आली तं काय करायचं

आमच्या मोत्याला पहिल्यांदा मिरगी आली तेव्हा पाय ताणून आडवा पडला, तोंडाला फेस, अंगणातच लघवी झाली, आणि घरचे कोणी कांदा आणा म्हणे कोणी चप्पल हुंगवा म्हणे. यातलं काहीच करू नका. तोंडात हात नाही, चमचा नाही, पाणी तं बिलकूल नाही, कुत्रं जीभ गिळत नसते आणि शुद्ध नसली की मालकालाही चावते. विहीर, चूल, पायऱ्या यांच्यापासून दूर ठेवा, व्हिडिओ काढा आणि घड्याळ पाहा. बहुतेक वेळा 1-2 मिनिटात थांबते. 5 मिनिटांच्या वर गेली किंवा 24 तासात परत आली तं रात्र असो का पाऊस, गाडी काढा.

प्रत्येक झटका मिरगीच असतो असं नाही बरं. पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी झाली असंन तं विषबाधा असू शकते, औषधाचा डबा सोबत न्या. लस न दिलेलं कुत्रं एकदम चिडकं झालं, लाळ गाळतंय, तं हातच लावू नका, रेबीज असू शकतो.

मिरगीच निघाली तं डॉक्टर बहुधा फेनोबार्बिटोनच्या गोळ्या देतात, दर 12 तासांनी. मोत्याची गोळी आम्ही भाकरीच्या तुकड्यात दाबून देतो, सकाळी 7 आन् संध्याकाळी 7. भूक-तहान वाढते, सुरुवातीला लडखडते, घाबरू नका. पण महिनाभर झटका नाही आला म्हणून गोळी मनानं बंद करू नका, झटके उलटून जोरात येतात. लिव्हरसाठी रक्त मधूनमधून तपासून घ्या, आणि प्रत्येक झटक्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, डोस ठरवताना डॉक्टर तेही पाहतात.