आपल्याच पायावर धोंडा: पाडताना स्वतःला कसं पकडावं

आपणच आपल्या कामाचा घात कसा करतो, हे शोधायचं असेल तर अडलेलं एकच काम निवडा. एक छोटी वही घ्या. त्यासाठी ॲप शोधत बसू नका, नाहीतर ॲप निवडण्यात घालवलेली संध्याकाळ हीच तुमची पहिली नोंद ठरेल.

दोन आठवडे लिहायचं: किती वाजता, काय करायचं होतं, प्रत्यक्षात काय केलं. घडल्या घडल्या लिहा. रात्रीपर्यंत थांबलात तर तोवर मनाने स्वतःच्या बाजूने वकील उभा केलेला असतो.

खरी मेख इथेच आहे. नोंद लिहायची तिथे लोक निकाल लिहून मोकळे होतात. 'आळस केला.' 'मला शिस्तच नाही.' मीही पहिल्या खेपेला पानंच्या पानं असली भरली होती आणि वर आपण किती प्रामाणिक, असं वाटून घेतलं होतं. ही शुद्ध पळवाट आहे. स्वतःला आळशी म्हटलं की चौकशीच संपते. स्वभावाला औषध नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं. म्हणून माझा नियम कडक आहे: खोलीत कॅमेरा असता तर त्यात जे दिसलं असतं, तेवढंच लिहायचं. आळस कॅमेऱ्यात दिसत नाही.

माझा एक मोठा लेख दीड वर्ष रखडला होता. 'वेळच मिळत नाही' असं मी सगळ्यांना सांगत होतो, आणि ते मला मनापासून खरं वाटत होतं. वहीत मात्र हे निघालं: 'मंगळवार, ९.४०. फाइल उघडली. पहिलं पान वाचलं. दोन वाक्यं बदलली. १०.२५ ला बंद.' गुरुवारीही तेच. दोन आठवड्यांत अकरा बैठका, म्हणजे जवळजवळ आठ तास, आणि अकराही वेळा मी पहिल्याच पानाला रंधा मारत बसलो होतो. सातव्या पानावरचा एक मुद्दा माझा मलाच पटत नव्हता. तिथवर मी एकदाही गेलो नव्हतो. घात करणारी सवय टंगळमंगळ करतानाच सापडेल असं धरून चालू नका. माझी तर मेहनतीच्या वेशात बसली होती.

आता प्रत्येक नोंदीपुढे लिहा: असं केल्यामुळे त्या क्षणी कशातून सुटका झाली? 'काहीच नाही' हे उत्तर चालणार नाही. सुटका झाली नसती तर सवय टिकलीच नसती. स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींना न सुटणारे प्रश्न देऊन वर 'छान सोडवलेत' असं सांगितलं. मग पुढच्या परीक्षेआधी दोन औषधांतून निवड करायला लावली: एक कामगिरी सुधारणारं, एक बिघडवणारं. यश आपलं आहे याची खात्री नसलेल्यांपैकी पुरुषांचा कल बिघडवणाऱ्या औषधाकडे गेला. नापास झालो तर खापर फोडायला काहीतरी हवं ना! ऐनवेळेपर्यंत काम न काढणारे आपण वेगळं काय करतो?

दोन इशारे. घरी आजारी माणूस आहे आणि रात्री जागरण होतंय, तर तो स्वतःचा घात नव्हे. ती नोंद खुशाल खोडा. आणि मित्रांना 'माझ्यात काय दोष आहे?' असं विचारू नका, ते गोड बोलतील. ज्याला तुमच्या कामासाठी ताटकळावं लागलं, त्याला विचारा: 'मागच्या वेळी मी उशिराचं काय कारण सांगितलं होतं?'

सगळ्यात जास्त वेळा आलेली नोंद घ्या आणि फक्त तिचीच वाट अडवा. मी सातवं पान वेगळ्या फाइलीत काढलं आणि बाकीचा लेख नजरेआड केला. पहिल्या संध्याकाळी ती फाइल उघडली, चार मिनिटं बघितली, आणि उठून कपाट आवरायला घेतलं. तेही वहीत आहे, वेळेसकट.